ऑटिझम असलेल्या मुलासाठी सरकारी मदत: इंदूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे हे तिसऱ्या वर्षी कळलं. तेव्हापासून थेरपीच्या वर्गाबाहेरच्या बाकावर, हळदीकुंकवाला, रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगरातून येणाऱ्या फोनवर, आणि कधी देवास-महूहून आलेल्या मेसेजमध्ये तेच प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगितलं. सरकारी मदतीसाठी पहिलं काम कोणतं करू?

दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्याच्यासोबतचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र. डॉक्टरांचा रिपोर्ट म्हणजे निदान. ते उपचारासाठी पुरतं, पण कुठल्याही योजनेत दाखलाच लागतो. दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांना मान्यता आहे त्यांत ऑटिझम स्पष्ट नावानिशी आहे. त्यामुळे "हे अपंगत्वात बसतं का?" हा वाद आता कुणीही घालू शकत नाही.

दाखल्याचं काम चालू असतानाच तीन कागद तयार ठेवा: मुलाचं आधार, मध्य प्रदेशचा मूलनिवासी (रहिवासाचा) दाखला, आणि समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंबनोंदणीतला क्रमांक. समग्रमध्ये कुटुंबाचा आठ आकडी क्रमांक असतो आणि प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी. मुलाचं नाव कुटुंबात जोडलेलं आहे ना, हे आजच बघा. बऱ्याच घरांत आईबाबांची नावं असतात आणि धाकट्याचं राहून गेलेलं असतं.

२. घरातली मोठी माणसं म्हणतात, "दाखला काढलास तर पोरावर कायमचा शिक्का बसेल." काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारताना बहुतेक आयांचा आवाज खाली जातो. माझ्या सासूबाईंनीही हेच म्हटलं होतं. त्या वाईट नव्हत्या, त्यांना नातवाची काळजी होती. मुंज, लग्न, लोक काय म्हणतील, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

दाखला तुमच्या कपाटात राहतो. तो कधी, कुठे दाखवायचा हे तुम्ही ठरवता. आधार कार्डावर, जन्माच्या दाखल्यावर, शाळेच्या गुणपत्रिकेवर त्याची नोंद आपोआप होत नाही. मुलाची प्रगती झाली आणि पुढे गरज उरली नाही, तर वापरू नका, कुणी विचारणार नाही. पण काढलाच नाही, तर गेलेल्या वर्षांची मदत मागे जाऊन मिळत नाही. आम्ही या वादात दोन वर्षं घालवली. त्या दोन वर्षांत थेरपीचे पैसे माझ्या बांगड्या मोडून भरले.

घरी समजावताना "अपंगाचा दाखला" असं म्हणू नका. "याच्या हक्काचा कागद" म्हणा. माझ्या सासऱ्यांना तो शब्द पटला, आणि पुढे दाखल्यासाठी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाला मुलाचा हात धरून तेच आले.

३. दाखला कुठे काढायचा? खासगी डॉक्टरांचा चालतो का?

खासगी डॉक्टरांचा रिपोर्ट जोडा, त्याचा उपयोग होतो, पण दाखला देण्याचा अधिकार सरकारने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि मेडिकल बोर्डाला आहे. अर्ज स्वावलंबन कार्डाच्या (म्हणजे यूडीआयडीच्याच) केंद्रीय पोर्टलवर ऑनलाइन करायचा. मुलाचं आधार, फोटो आणि पत्ता भरायचा, रुग्णालय निवडायचं, मग नोंदणी क्रमांक मिळतो. तो क्रमांक वहीत लिहून ठेवा. मोबाइल बदलला, मेसेज गेला, की पुढचं सगळं शोधत बसावं लागतं. स्वतः जमत नसेल तर एमपी ऑनलाइनच्या दुकानात भरून देतात, पण भरलेला फॉर्म 'सबमिट' होण्याआधी स्पेलिंग स्वतः वाचा (प्रश्न ७ पाहा).

हिंदी फॉर्ममध्ये "ऑटिझम" सापडत नाही म्हणून अनेक जण अडतात. मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. सरकारी हिंदीत "स्वपरायणता" असा शब्द येतो, तर कुठे "स्वलीनता". तिन्ही एकच.

नियमाप्रमाणे अर्जानंतर तीन महिन्यांत दाखल्याचा निर्णय व्हायला हवा. तो झाला नाही तर प्रश्न १६ पाहा.

४. मेडिकल बोर्डापुढे नेमकं काय होतं? माझं मूल अनोळखी ठिकाणी फार रडतं.

बोर्डात साधारणपणे मनोविकारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ असतात. ऑटिझमसाठी "इसा" नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत: नजरेला नजर देतो का, हाक मारल्यावर वळतो का, एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणतो का, आवाज-स्पर्श सहन होतो का, असे. प्रत्येकाला १ ते ५ गुण. काही मुद्दे मुलाकडे बघून भरतात, बरेचसे तुम्हाला विचारून. त्यामुळे त्या दिवशी तुमचं सांगणं फार मोलाचं असतं.

इथे आई-बाबा एक चूक हमखास करतात. मूल चांगलं दिसावं म्हणून "हो, करतो की", "थोडं थोडं बोलतो" असं बोलून जातात. त्या खोलीत मुलाची बाजू सावरायची नसते. ज्या दिवशी तो रात्री तीनपर्यंत जागतो, भिंतीवर डोकं आपटतो, शाळेच्या बसची वेळ बदलली म्हणून तासभर आक्रोश करतो, तो दिवस सांगायचा. वाढवून सांगू नका, पण झाकूही नका. मी आदल्या रात्री वहीचं एक पान भरलं होतं: झोप, जेवण, बोलणं, कपडे, शी-शू, शाळा. बोर्डासमोर घसा दाटून आला तेव्हा ते पान डॉक्टरांच्या पुढे सरकवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि त्यावरूनच पुढचे प्रश्न विचारले.

मूल रडलं तर घाबरू नका, डॉक्टरांना तेच बघायचं असतं. तरी त्याचा त्रास कमी करता येतो. सकाळचा पहिला नंबर मिळतो का बघा. गर्दीत कान झाकायला हेडफोन, आवडतं खेळणं, घरचा डबा, जास्तीचे कपडे आणि सोबत एक मोठं माणूस न्या. माझा मुलगा तीन तास रांगेत एका बाटलीचं झाकण लावत-काढत बसला होता. ते झाकण हरवलं असतं तर आम्ही परत आलो असतो. कागदांची एक प्लास्टिकची फाइल, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, आणि मूळ प्रती हातातल्या पिशवीत.

५. दिव्यांगत्वाचे टक्के कसे ठरतात? ४० पेक्षा कमी आले तर?

इसाचे गुण ७० पेक्षा कमी असतील तर त्या मोजपट्टीनुसार ऑटिझम धरत नाहीत. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, १५३ च्या पुढे तीव्र. गुण जितके जास्त तितकी अडचण जास्त, हे लक्षात ठेवा. परीक्षेतल्यासारखं "कमी मिळाले" म्हणून कुणी हळहळतं, तर कुणी उलट खूश होतं. या गुणांवरून तक्त्यानुसार टक्के ठरतात. इसाच्या मूळ तक्त्यात ७० गुणांना ४० टक्के आहेत, म्हणजे सौम्य ऑटिझमलाही ४० टक्के मिळू शकतात.

बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्के आहे, काहींचा ८०. यूडीआयडी कार्डाचा रंगही त्यावरूनच ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, ८० आणि पुढे निळा. टक्के पटत नसतील तर कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येतं. ते लगेच करा, आणि थेरपिस्टचे, शाळेचे लेखी रिपोर्ट जोडा. "आमचं मूल याहून जास्त आहे" एवढ्या तोंडी तक्रारीवर काही होत नाही.

६. मूल अडीच-तीन वर्षांचं आहे. आत्ताच काढू की थोडं थांबू?

निदान पक्कं असेल तर अर्ज करा. लहान वयात दाखला मुदतीचा मिळतो आणि पुढे पुन्हा तपासणी होते. थांबण्यात फायदा नाही. मात्र दाखल्यावरची मुदत संपण्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तीन महिने आधीचा गजर लावून ठेवा. मुदत संपली की दाखल्यावर चालणारी पेन्शन, विमा, स्कॉलरशिप सगळं एकदम थांबतं, आणि नव्याने बोर्डाचा नंबर लागेपर्यंत हात चोळत बसावं लागतं.

आधारचंही असंच. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करावी लागते. मूल हात धरू देत नसेल तर केंद्रावर 'बायोमेट्रिक अपवाद' नोंदवता येतो. आधी शांतपणे सांगा, बरेच ऑपरेटर सहकार्य करतात.

७. दाखल्यावर नाव चुकलंय, आणि ऑटिझमऐवजी नुसतं "मंदबुद्धी" लिहिलंय. चालेल का?

नाव दुरुस्त करूनच घ्या. आपल्या आडनावांची इथे नेहमी वाट लागते. कुलकर्णीचं "कुलकरणी", पाध्येचं "पाधे", आणि मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. आमच्याकडे एका अक्षराच्या फरकामुळे विम्याचा अर्ज दोनदा परत आला. आधार, समग्र, जन्मदाखला, यूडीआयडी आणि बँक, पाचही ठिकाणी एकच स्पेलिंग असू द्या. मूळ धरायचं आधारचं.

दिव्यांगत्वाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. ऑटिझम लिहिलेलं नसेल तर ऑटिझमच्या नावाने मिळणारा लाभ अडतो. उलट, मुलाला ऑटिझमसोबत बौद्धिक दिव्यांगत्वही असेल आणि तपासणीत ते आलं असेल, तर दोन्ही लिहून घ्या. काही योजनांच्या यादीत ऑटिझम हा शब्दच नाही (प्रश्न ८ आणि १३). नसलेलं मात्र लिहवून घेऊ नका. पुढच्या तपासणीत ते उघड होतं आणि मुलाच्या शिक्षणातही आडवं येतं.

८. मध्य प्रदेशात महिन्याला पैसे मिळतात का?

मिळतात. सहा वर्षांच्या पुढच्या, ४० टक्के किंवा जास्त मानसिक अथवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राज्याचं सहायता अनुदान आहे, महिना ६०० रुपये. त्याला दारिद्र्यरेषेची अट नाही, आणि हेच अनेकांना माहीत नसतं. "बीपीएल कार्ड नाही, मग कशाला जायचं" म्हणून मध्यमवर्गीय घरं अर्जच करत नाहीत. शहरात महापालिकेच्या झोन कार्यालयात, खेड्यात जनपद पंचायतीत अर्ज द्यायचा. योजनेच्या नावात ऑटिझम नसल्याने खिडकीवरचा माणूस "आपका नहीं बनता" म्हणू शकतो. अशा वेळी वाद न घालता अर्ज देऊन पोचपावती घ्या. नाकारायचं असेल तर लेखी नाकारू दे.

केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन वेगळी. ती १८ वर्षांनंतर, बीपीएल कुटुंबाला, ८० टक्के किंवा जास्त असेल तर. लहान मुलासाठी तिच्या मागे धावू नका.

६०० रुपयांत थेरपीचा एक तासही येत नाही, हे खरं आहे. तरी घ्या. ते मुलाच्या नावावर येतात, आणि अनुदान चालू असलेलं मूल सरकारी नोंदीत दिसतं.

९. अनुदान मंजूर झालं, पण खात्यात काही येत नाही.

दोन गोष्टी तपासा: समग्रची ई-केवायसी झाली आहे का, आणि मुलाचं खातं आधारशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलेलं आहे का. बँकेत "आधार लिंक है" म्हणतात ते वेगळं आणि डीबीटीची जोडणी वेगळी. तोच शब्द वापरून विचारा. मुलाच्या नावाने, आई किंवा वडील पालक असलेलं खातं उघडा.

१०. निरामय विमा खरंच थेरपीचे पैसे देतो का?

देतो, मर्यादेत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी ही योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आधीच्या आजाराची अट नाही, वैद्यकीय तपासणी नाही, उत्पन्नाची मर्यादा नाही. नोंदणी शुल्क बीपीएलला २५० रुपये, इतरांना ५००. बाजारातला विमा ऑटिझम ऐकला की हात वर करतो, म्हणून हा हातचा सोडू नका.

लाखाच्या आत प्रत्येक प्रकाराची वेगळी मर्यादा असते, थेरपीचीही. पॉलिसीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नूतनीकरण दरवर्षी करायचं, विसरलात तर मधला खर्च गेला. बिलं मूळ हवीत, त्यांवर मुलाचं नाव, तारीख, थेरपीचा प्रकार आणि शिक्का हवा. आमच्या थेरपिस्टताई महिनाअखेर साध्या कागदावर हिशेब लिहून द्यायच्या. तो दावा नामंजूर झाला. आता छापील पावती घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही, आणि त्यांनाही त्याचं वाईट वाटत नाही.

११. आयकरात काय सूट आहे?

अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी ७५,००० रुपयांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपये. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी तिचा संबंध नाही. आजवर ती ८०डीडी म्हणून ओळखली गेली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सीएला नवा क्रमांक विचारा. ही वजावट जुनी करपद्धत निवडली तरच मिळते. नव्या पद्धतीत कर कमी बसत असेल तर दोन्हीकडून हिशेब करून बघा.

१२. शाळा "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवते. काय करायचं?

आधी हे लेखी मागा. बहुतेक शाळा लेखी देत नाहीत, कारण तसं देता येत नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. इतर मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, आपल्यांसाठी अठरापर्यंत आहे.

खासगी शाळेतल्या शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठी मध्य प्रदेशात दिव्यांग मूल "वंचित समूहा"त धरतात. दाखला असला की गरिबीचं कार्ड लागत नाही. ऑनलाइन अर्ज आणि लॉटरी असते, म्हणून दाखला प्रवेशाच्या हंगामाआधी हातात असायला हवा.

पण कायदा हातात घेऊन शाळेत शिरल्यावर मूल त्या वर्गात सहा तास बसणार आहे, हेही बघा. आम्ही एका शाळेत हक्काने प्रवेश मिळवला आणि चार महिन्यांत काढून घेतला. बाईंना त्याची भीती वाटायची, आणि ती त्याला कळायची. दुसऱ्या शाळेत फी जास्त, इमारत साधी, पण मुख्याध्यापिका पहिल्याच दिवशी त्याच्यासोबत जमिनीवर बसल्या. तिथेच तो टिकला.

नववी-दहावीला, पालकांचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर केंद्राची प्री-मॅट्रिक स्कॉलरशिप नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर मिळते. सीबीएसईत लेखनिक, तासाला २० मिनिटं जास्तीचा वेळ आणि भाषा विषयात सवलत आहे. त्यासाठीचे कागद शाळेला नववीतच द्या.

१३. रेल्वेत सवलत मिळते का? आम्हाला वर्षातून दोनदा पुण्याला जावं लागतं.

रेल्वेच्या यादीत "सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारी मतिमंद व्यक्ती" असा वर्ग आहे, ऑटिझम वेगळा नाही. दाखल्यात बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात सरकारी डॉक्टरांची सही घेऊन सवलत घेता येते: स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीत ५० टक्के, सोबतच्या एका माणसालाही तितकीच. नुसता ऑटिझम लिहिलेल्यांना इथे अडचण येते, आणि हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

१४. पुण्याची बहीण सांगते तिकडे जास्त पैसे मिळतात. आमची बदलीही तिकडे होऊ शकते. दाखला तिथे चालेल का?

दाखला आणि यूडीआयडी देशभर चालतात, पुन्हा बोर्डापुढे जायची गरज नाही. फक्त कार्डावरचा पत्ता बदलून घ्या. निरामयही चालू राहतो. पेन्शन-अनुदान मात्र राज्याचं असतं. मराठी ग्रुपवर फिरणारी संजय गांधी निराधार योजना महाराष्ट्राची आहे, तिचा अर्ज इंदुरात बसून करता येत नाही. तिकडे गेल्यावर तिथल्या रहिवासाच्या अटीप्रमाणे नवा अर्ज करायचा आणि इथलं अनुदान बंद करायचं. दोन्हीकडून घेतल्यास वसुली होते.

१५. मुलगा १८ चा होतोय. आता आम्ही त्याचे पालक राहणार नाही का?

कायद्याच्या दृष्टीने अठराव्या वाढदिवसानंतर आई-वडीलही आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत सही कोण करणार, इथून प्रश्न सुरू होतो. ऑटिझम राष्ट्रीय न्यास कायद्यात येत असल्याने आपल्याला कोर्टात जावं लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज सतरा पूर्ण झाल्यावर तयार करायला घ्या. जो मुलगा किंवा मुलगी स्वतःचे निर्णय घेऊ शकते, तिच्यासाठी हे करायची गरज नाही, आणि कुणाच्या सांगण्यावरून करूही नका.

आई-बाबांपैकी कुणी केंद्र सरकारी नोकरीत असेल तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला २५ वर्षांनंतरही आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. नोकरीत असतानाच कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव आणि दिव्यांगत्व नोंदवा. मागे राहिलेल्या भावंडाला हे सिद्ध करत फिरावं लागू नये.

१६. फाइल अडली आहे आणि एक जण पैसे घेऊन काम करून देतो म्हणतोय. देऊ का?

देऊ नका. दाखल्यासाठी आणि अनुदानासाठी मध्यस्थाची गरजच नाही, आणि खोट्या दाखल्याचा त्रास पुढे मुलालाच होतो.

आधी पोचपावतीचा क्रमांक घेऊन त्याच खिडकीवर जा आणि काय कमी आहे ते लिहून मागा. हललं नाही तर सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपा. काम पूर्ण होण्याआधी "शिकायत बंद करवा दीजिए" असा फोन येतो, तेव्हा हो म्हणू नका. मग कलेक्टर कचेरीतली मंगळवारची जनसुनवाई, तिथे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. अर्ज एका पानाचा ठेवा: मुलाचं नाव, वय, यूडीआयडी क्रमांक, अर्जाची तारीख, काय हवंय. राज्याच्या निःशक्तजन आयुक्तांकडेही लेखी तक्रार करता येते.

आम्ही दोनदा जनसुनवाईला गेलो. दुसऱ्या वेळी घरी कुणी नव्हतं म्हणून मुलालाही नेलं. तो टेबलावरचे पेपरवेट ओळीने मांडत राहिला, साहेबांनी ते काढून घेतले नाहीत, आणि अर्जावर त्याच दिवसाची तारीख घालून शेरा मारला. अकरा दिवसांनी फोन आला, दाखला घेऊन जा म्हणून.